दिगू राणे आणि उत्तराची घाई

माझा वर्ग सातवी ब, दिगू राण्याचा सातवी क. दोन्हींच्या मध्ये पक्की भिंत नव्हती, प्लायवूडचं पार्टिशन होतं. त्यामुळे दिगूचा इतिहास-भूगोल मला रोज फुकटात ऐकावा लागे.

"सांगा बघू, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कोणतं? कळसूबाई! शाब्बास!"

हे सगळं एका श्वासात. प्रश्न त्याचा, उत्तर त्याचं, शाब्बासकीही स्वतःलाच. पोरं हाताची घडी घालून निवांत. सर प्रश्न विचारून थांबत नाहीत हे त्यांना पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. मग घरून वाचून कशाला यायचं? सिनेमाला बसल्यासारखी बसायची आणि तास संपला की टाळ्या तेवढ्या वाजवायच्या बाकी ठेवायची.

मी पार्टिशनवर डस्टर आपटायचो. पलीकडून दिगू ओरडायचा, "सॉरी, साळवे सर! आवाज येतो का?"

"आवाज नाही, उत्तर येतं! माझ्या वर्गातली पोरंपण आता गप्प बसायला शिकली!"

माझं डोकं का फिरायचं तेही सांगतो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. बी.एस्सी. आणि त्यावर बी.एड. घाटकोपरला भटवाडीत आमच्या खोलीत दोन्ही सर्टिफिकेटं फ्रेम करून लावलेली होती. कुणी पाहुणा आला की बाबा आधी त्याला ती दाखवायचे आणि मग पाणी द्यायचे. मला त्याची लाज कधी वाटली नाही, आजही वाटत नाही. एकेक उत्तर मी झिजून मिळवलेलं होतं. आणि हा गृहस्थ चणे-फुटाणे उधळावे तशी उत्तरं उधळत होता.

दिगू नुसता बी.ए. होता. बाळंतपणाच्या रजेवर गेलेल्या एका बाईंच्या जागी तात्पुरता लागलेला. बी.एड.ला त्यानं मागे एकदा प्रवेश घेतला होता, पण सरावाच्या पाठांत आपटला. निरीक्षक मागच्या बाकावर बसून पाठ बघत होते. पाठ संपल्यावर त्यांनी विचारलं, "विद्यार्थी कुठे आहेत?" दिगू म्हणाला, "हे काय, समोर बसलेत की." निरीक्षक म्हणाले, "मला एकाचाही आवाज आला नाही." त्यानंतर तो त्या कॉलेजात गेलाच नाही.

"तू दोन मिनिटं गप्प का बसू शकत नाहीस?" मी विचारायचो.

"यार साळवे, उत्तर येत असताना गप्प बसणं म्हणजे पाप वाटतं मला. समोरचा तडफडतोय आणि आपण बघत बसायचं? पोटात ठेवून काय लोणचं घालायचंय त्याचं?"

हे त्याचं ठरलेलं वाक्य. आणि हे फक्त वर्गापुरतं नव्हतं. आमची स्टाफरूम एकदा मुलुंडच्या नाट्यगृहात रहस्यनाटकाला गेली. दिगूनं ते आधी पाहिलेलं होतं. तरी आला, आमच्या सोबतीला म्हणून. जाताना बसमध्ये मी त्याला शपथ घातली. पडदा वर जाईपर्यंत त्यानं ती पाळली. पहिल्या प्रवेशात माळी झारी घेऊन आला, तेव्हा दिगू शेजारच्या चित्रकलेच्या सरांच्या कानाशी लागला, "मी काही सांगत नाही हां. फक्त ह्या माळ्याकडे लक्ष ठेवा." पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी मागे वळून त्याच्याकडे असं पाहिलं की दुसरा खून तिथेच व्हायचा. मध्यंतरात त्यानं आम्हा सगळ्यांना बटाटेवडे खाऊ घातले. आम्ही खाल्ले, पण कुणी त्याच्याशी बोललं नाही.

त्याच्या आईनं तर हात टेकले होते. राणेकाकू मूळच्या मालवणकडच्या. नवरा गिरणीत होता तो गेला, दोन मुलं वाढवली. थोरल्याचं बिऱ्हाड चाळीत शेजारच्याच खोलीत. धाकटा हा दिगंबर. काकू म्हणायच्या, "ह्याच्या तोंडात तीळ भिजणा नाय. माका देवाक नवस बोलूचो झालो तरी ह्याका बाहेर धाडून मगे बोलतंय."

अशा माणसाच्या वर्गात सुमती आली.

सुमती मॉरिशसची. तिच्या पणज्याचाही बाप ऊसमळ्यांत काम करायला रत्नागिरीकडून बोटीनं गेलेला. घरात बोलायची भाषा क्रिओल, मराठी उरलेली आरत्यांत आणि भजनांत. ती मुंबईला मराठी घेऊन बी.ए. करत होती, सांताक्रूझला मुलींच्या वसतिगृहात राहायची. परत जाऊन तिला तिथल्या प्राथमिक शाळेत मराठी शिकवायचं होतं. इथली मुलं वर्गात कशी बोलतात ते ऐकायला म्हणून आठवड्यातून दोनदा आमच्या शाळेत येऊन मागच्या बाकावर बसायची परवानगी तिनं मागितली. आमच्या मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, तिला बसवलं कुठे? तर सातवी क मध्ये! मुलं बोलताना ऐकायची म्हणून!

तिचं मराठी पुस्तकी होतं आणि सावकाश. एकेक शब्द ती विहिरीतून पोहरा ओढावा तसा ओढून काढायची. आणि दिगू काठावर उभा राहून आपली बादली पुढे करायचा.

पहिल्याच दिवशी मधल्या सुट्टीत ती स्टाफरूमच्या दारात उभी राहिली. "मला..." म्हणाली आणि थांबली.

"पाणी?" दिगू उठला. "चहा? बसायला खुर्ची? पंखा लावू?"

"मला..."

"बाथरूम त्या बाजूला आहे."

"मला," ती लाल होऊन म्हणाली, "आपल्याशी बोलावयाचे आहे."

अख्खी स्टाफरूम हसली. मी नाही हसलो. त्या मुलीची मला दया आली. पण दयेची गरज तिला नव्हती, हे पुढे कळलं. ती येत राहिली. तास संपल्यावर पायरीवर बसून दोघं बोलायची. बोलायचा दिगू, ती ऐकायची. दोन महिन्यांत चाळीपासून शाळेच्या शिपायापर्यंत सगळ्यांना कळलं होतं. कुणी सांगितलं? दिगूनंच. फक्त सुमतीला विचारायचं राहिलं होतं.

ते विचारायला तो मला जुहूला घेऊन गेला. मी म्हटलं, "अरे, माझं काय काम तिथे?" तर म्हणे, "धीर होत नाही रे. तू नुसता लांब उभा राहा." मी लांब उभा राहिलो तरी ऐकू येत होतं, कारण दिगूचा आवाज वर्गातलाच. सुमतीच्या हातात भेळ, दिगूच्या हातात भेळ, त्याची खाली सांडत होती.

"सुमती, माझ्याशी लग्न करशील? नाही करणार, मला माहीत आहे. नोकरी पक्की नाही, खोली एक. तुझे वडील काय म्हणतील? नाहीच म्हणतील. बरोबर आहे त्यांचं. मी त्यांच्या जागी असतो तर मीपण—"

सुमतीनं तोंड उघडलं. त्यानं पुढचं चालू केलं. तिनं परत उघडलं. शेवटी मी गेलो आणि त्याच्या तोंडावर हात ठेवला. भेळेचं तोंड, हात चिंच-गुळानं भरला माझा.

"बोला तुम्ही," मी म्हटलं.

ती वाळूकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हो. पण..."

"हो" कानावर पडताच दिगू माझ्या हातातून सुटला. भेळवाल्याला मिठी मारली, मला मारली, दोन अनोळखी पोरांना नारळपाणी पाजलं. "झकास! झकास!" ओरडत लाटांत गेला आणि चपला वाहून घालवल्या. सुमतीचा "पण" तिथेच वाळूत राहिला. मीही त्या गडबडीत तो उचलला नाही.

दोन दिवसांनी ती माझ्या वर्गाच्या दाराशी आली. मी गणिताचा माणूस, उदाहरण सुटेपर्यंत थांबायची सवय आहे. थांबलो.

"त्या दिवशी मी 'पण' म्हटले," ती म्हणाली. "दिगंबर यांनी ऐकले नाही. आता ते बोलतच राहतात, मला सांगताच येत नाही."

"पण काय?"

"पण मी परत जाणार आहे. तिथे शिकवणार आहे. त्यांना यावे लागेल."

इकडे दिगूचे चाळभर पेढे वाटून झाले होते. एक सुतार आणून खोलीत पोटमाळ्याचं मापही घेतलं होतं, नवीन जोडप्यासाठी. मी त्याला शाळेच्या जिन्यावर बसवलं आणि सुमतीला म्हटलं, बोला. या खेपेला मी त्याचं मनगट धरून बसलो होतो. तिनं सगळं सांगितलं. दिगूचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"म्हणजे मी सासरी जायचं?" तो म्हणाला. "आणि तिथे करू काय? ऊस तोडू?"

"मराठीचे शिक्षक कमी आहेत. निवड झाली तर प्रशिक्षण देतात. आधी एक नमुना पाठ घ्यावा लागतो. अधिकारी बसतात."

"मागच्या बाकावर?"

"हो."

दिगूनं माझ्याकडे पाहिलं. मागच्या बाकावरच्या माणसाची त्याला चांगलीच ओळख होती. नापास झाला तर परमुलखात सासऱ्याच्या घरी बसून जेवायचं, बायको शाळेत जाणार आणि हा दारात उभा राहून तिला टाटा करणार. हे त्याला एका क्षणात दिसलं. मलाही.

"इथेच राहू ना," तो म्हणाला. "बाईंची रजा वाढेल, मग मी पक्का होईन, मग—"

"परत उत्तरं!" मी ओरडलो. "अरे, कुणी विचारलंय तुला?"

तो घुटमळत राहिला. निकाल लावला तो सहामाही परीक्षेनं.

आठवीच्या वर्गावर दिगूची सुपरव्हिजन होती. मोठ्या बाईंनी त्याला मुद्दाम केबिनमध्ये बोलावून बजावलं होतं, "राणे, वर्गात एक शब्द बोलायचा नाही." त्यानं तो शब्द पाळला. हात मागे बांधून बाकांमधून फिरत राहिला. पण चेहरा कुठे ठेवणार? कुणी चुकीचं लिहिलं की ह्याच्या कपाळावर आठ्या, तोंड जांभळं, जीभ टाळ्याला लागून "च्च". बरोबर लिहिलं की मान डोलतेय. पोरं मुंबईची. पहिल्या दहा मिनिटांत ओळखलं. मग एकेक पोरगा उत्तरावर पेन्सिल ठेवून सरांच्या तोंडाकडे बघायचा. च्च झालं की खोडायचा, पुढच्यावर पेन्सिल ठेवायचा. रिकाम्या जागा, जोड्या लावा, चूक की बरोबर, सगळं झकास. त्या वर्गात दर चाचणीत नापास होणाऱ्या पोरांनीसुद्धा पहिला प्रश्न पैकीच्या पैकी सोडवला. खालचे मोठे प्रश्न मात्र सगळ्यांचे कोरे, कारण तेवढं चेहऱ्यावर मावत नव्हतं.

मोठ्या बाईंसमोर तो शपथेवर सांगत होता, "बाई, मी एक शब्द बोललो नाही!"

"राणे, तुमचं तोंड बंद होतं. चेहरा चालू होता."

त्या आठवड्यात त्याचं काम गेलं. संध्याकाळी तो आमच्या खोलीवर आला. उंच, वाकलेला, केसांत अजून खडूची पूड. बाबा पलंगावर तंबाखू मळत बसले होते.

"साळवे, मला शिकव," तो म्हणाला.

"काय शिकवू?"

"गप्प बसायला."

मी वैतागून म्हटलं, "ते बी.एड.ला शिकवतात. मी गेलो होतो, तू पळून आलास."

तरी शिकवायला घेतलं. रोज संध्याकाळी आमच्या खोलीत वर्ग. वारा फिरला की देवनारच्या कचराडेपोचा वास यायचा म्हणून खिडकी बंद, आणि बंद खोलीत दिगूचा आवाज. विद्यार्थी कोण? तर आमचे बाबा आणि सुमती. बाबा रेल्वेत लायनीवर काम करून रिटायर झालेले. शाळेत गेलेच नव्हते. सहीपुरतं माझ्याकडून शिकले. पलंगावर मांडी घालून, टोपी नीट करून, खरोखरच्या विद्यार्थ्यासारखे बसायचे.

मॉरिशसच्या छोट्या मुलांसाठी चित्रावरून गप्पा, असा पाठ ठरवला होता. मी एक चित्र आणलं. त्यात एक बाई, हातात पिशवी, रस्त्यानं चाललेली. दिगूनं चित्र वर धरलं. "ही बाई कुठे चालली असेल? बाजारात!"

"परत."

"ही बाई कुठे चालली असेल? ...बा—"

"दिगू!"

"अरे, तोंडात येतं रे! ओठावर येऊन उभं राहतं, मी काय करू?"

मी त्याला मनातल्या मनात आकडे मोजायला लावले, तो मोठ्यानं मोजायला लागला. पाठमोरा उभा केला, तर भिंतीला सांगितलं. माझी सहनशक्ती संपली. मी चित्र पलंगावर फेकलं आणि म्हटलं, "जा तू. ऊस तोड."

तेव्हा बाबांनी खिडकी उघडून तंबाखू थुंकली. "आरं, त्याच्या तोंडात काय तरी भर की," ते म्हणाले. "माझ्या तोंडात तंबाखू असली की मी बोलतो का?"

तंबाखू तर चालणार नव्हती. मी तांब्या पुढे केला. प्रश्न विचारायचा, पाण्याचा घोट तोंडात घ्यायचा आणि समोरून उत्तर आल्याशिवाय गिळायचा नाही.

दिगूनं विचारलं, "ही बाई कुठे चालली असेल?" आणि गाल फुगवून उभा राहिला. बाबा चित्राकडे बघत बसले. बघतच बसले. दिगूचे डोळे बाहेर यायला लागले. मी त्याच्याकडे बोट रोखून, "चेहरा! चेहरा!"

"थांब की," बाबा म्हणाले. "येतंय. येतंय."

खाली कुणीतरी नळावर भांडत होतं, ते भांडण मिटलं. तरी बाबा बघत होते.

"रुसून माहेरी चाललीया," बाबा शेवटी म्हणाले. "तोंड बघ की तिचं."

दिगूनं चित्र स्वतःकडे वळवून पाहिलं, आणि त्याच्या तोंडातलं सगळं पाणी माझ्या शर्टावर आलं. हसून हसून खाली बसला तो. हसणं ओसरल्यावर मात्र बराच वेळ ते चित्र हातात धरून राहिला. "मी बाजार म्हणणार होतो," तो म्हणाला. "मी बोललो असतो तर बाबा बाजारच म्हणाले असते."

"मंग? मास्तर म्हनतोय म्हनल्यावर," बाबा म्हणाले.

सुमती भिंतीला टेकून बसली होती. ती हळूहळू म्हणाली, "तिथली मुले माझ्यासारखी बोलतात. शब्द शोधतात. तुम्ही थांबला नाहीत तर... ती बोलणारच नाहीत." मग जरा थांबून, "मीही."

दिगू काही बोलला नाही. तोंडात पाणी नव्हतं, तरी बोलला नाही.

सुमतीची बी.ए.ची परीक्षा संपली आणि लग्न झालं, छोटंच. काकूंनी ते हसतमुखानं केलं, पण निघायच्या दिवशी चाळीच्या गॅलरीत त्यांनी सुरू केलं. "सालव्या, तूच सांग रे. लगीन झाला की चेडू सासरी जाता. हयसर माझो झीलच सासरी चललो! लोक माका इचारतत, सून कधी येतली? आणि मी काय सांगू? झील गेलो म्हणान सांगू?"

"आई, मी वर्षातून एकदा येईन, पैसे पाठवीन, तू रडू नको, तुला तिकडे नेईन, तू येणार नाहीस, मला माहीत आहे—" दिगूचं सुरू झालं. सुमतीनं मुकाट्यानं पर्समधून पाण्याची बाटली काढून त्याच्या हातात दिली.

काकूंना ते कळलं नाही. त्या म्हणाल्या, "रडताना पाणी कसला पितस, मेल्या!"

सहारच्या विमानतळावर मी पोहोचवायला गेलो. काचेच्या आत गेल्यावरही तो खुणांनी काहीतरी सांगत होता. मला एक अक्षर कळलं नाही. घरी येताना बसमध्ये मी स्वतःशीच चिडत होतो, की हा तिकडे पहिल्याच प्रश्नाला माती खाणार. सातवी क च्या बाजूनं उत्तरं यायची तर केव्हाच बंद झाली होती. नवीन बाई शांत होत्या. माझा तास फार चांगला चालायला लागला होता. आणि मधेच एखादा प्रश्न विचारून मी पार्टिशनकडे बघायचो.

निवड झाल्याची तार त्यानं केली होती. पुढची पत्रंही येत होती, आधी सगळं शेवटचं सांगून मग सुरुवातीकडे जाणारी. पण दोघं प्रत्यक्ष आली ती त्याचं प्रशिक्षण पुरं झाल्यावर, गणपतीच्या आधी. काकूंच्या खोलीत मला आणि बाबांना बोलावलं होतं. दिगू जरा जाड झाला होता. गळ्यात शाळेच्या पोरांसारखी प्लास्टिकची वॉटरबॅग, लाल पट्ट्याची.

"हे काय रे?"

"तिथे सगळ्यांना वाटतं, इंडियातून आलेले मास्तर अशीच घालतात," तो म्हणाला. "नमुना पाठाच्या दिवशी काय झालं माहिती आहे? मी प्रश्न—"

"मी सांगते," सुमती म्हणाली.

दिगूनं झाकण उघडलं, घोट घेतला, गाल फुगवले. खोलीत सगळे हसले. काकू नाही हसल्या.

सुमतीनं सांगितलं. अजूनही सावकाश, पण आता तिला घाई करणारं कुणी नव्हतं. तेच चित्र. तीच बाई, तीच पिशवी. वर्गात सगळं शांत. एक छोटी मुलगी उभी राहिली, शब्द सापडेना. मागच्या बाकावरचे अधिकारी आधी हसले, मग घड्याळ बघायला लागले. दिगंबर गाल फुगवून उभे. अधिकाऱ्यांना वाटलं, मास्तरांची दाढ दुखतेय. शेवटी त्यांच्यातल्या एकांनाच राहवेना. ते मागून म्हणाले, "बा—" आणि दिगंबरांनी हात वर करून त्यांना गप्प केलं.

"अधिकाऱ्याला?" मी ओरडलो. "निवड करणाऱ्या अधिकाऱ्याला?"

दिगूनं फुगलेल्या गालांनी जोरात मान हलवली.

"मग ती मुलगी बोलली," सुमती म्हणाली. "'आजीकडे. आजी... एकटी.' एवढेच. तीन शब्द मराठी. तिच्या वर्गशिक्षिका नंतर म्हणाल्या, वर्षभरात पहिल्यांदा."

"माझं माहेर बरं हुतं," बाबा म्हणाले.

खोलीत पुन्हा हसणं झालं आणि ते ओसरलं. काकू स्टोव्हजवळ बसल्या होत्या. "आजी एकटी" ऐकल्यापासून त्यांनी पदर हातात धरला होता. त्या दिगूकडे वळल्याच नाहीत. सुनेला विचारलं.

"सुमती, खरा सांग माका. शिकान झाला. आता माझो झील परत येतलो मां?"

मी दिगूकडे पाहिलं. त्याला उत्तर माहीत होतं. पाणी त्यानं अजून गिळलेलं नव्हतं. गाल तसेच, डोळ्यांत पाणी आलेलं. मला वाटलं, आता हा सांगून टाकणार, आईला हवं ते सांगणार, येईन गं, पुढच्या वर्षी येईन, असलं काहीतरी, जे तो आयुष्यभर सगळ्यांना सांगत आला. त्याचा हात मांडीवर उघडमीट करत होता. चेहरा भिंतीकडे वळवला त्यानं.

सुमती शब्द शोधत होती. शोधू द्यायला कुणाची हरकत नव्हती, पण माझाच जीव वर-खाली होत होता. "अहो—" म्हणून मी तोंड उघडलं. दिगूनं भिंतीकडे तोंड ठेवूनच माझ्या गुडघ्यावर थाप मारली. गप्प.

"येऊ," सुमती म्हणाली. "दर सुट्टीत येऊ. पण..."

या खेपेला त्या "पण"साठी सगळी खोली थांबली.

"पण पाहुणे म्हणून."

स्टोव्हची वात फुरफुरत होती. काकूंनी पदर सोडला. तिच्याकडे बघत राहिल्या, रागानं नाही, जशा बाजारात खरं माप देणाऱ्या बाईकडे बघतात तशा. मग भांडं पुढे ओढलं.

"मगे पावण्यांका च्या नको?" त्या म्हणाल्या.

दिगूनं पाणी गिळलं. त्याचा आवाज खोलीभर ऐकू आला.

परत जायच्या दिवशी चाळीखाली टॅक्सी उभी होती. सामान वर बांधलं, सुमती बसली, काकूंनी लोणच्याची बरणी तिच्या मांडीवर दिली. दिगू काचेतून हात बाहेर काढून बसला होता, गळ्यात ती लाल पट्ट्याची बॅग. मी त्याचा हात धरला आणि इतकी वर्षं ज्याला मी गप्प बस म्हणत आलो त्यालाच विचारलं, "दिगू, खरं सांग. तिकडे बरं वाटतं का रे तुला? घरच्यासारखं?"

त्यानं लगेच तोंड उघडलं, सवयीनं. आणि तसंच उघडं ठेवलं. उत्तर आलं नाही. त्यानं पाण्याला हात लावला नव्हता. तो माझ्याकडे बघत होता, मग चाळीकडे, गॅलरीत उभ्या आईकडे, मग शेजारी बसलेल्या सुमतीकडे. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली.

"अरे, बोल ना!" मी म्हटलं.

टॅक्सी निघाली. दिगूनं काचेतून बोट वर केलं, पोरांना दाखवायचं तसं, की थांब जरा, येतंय. वळणावर पोहोचेपर्यंत ते बोट मला दिसत होतं.